एकाच डहाळीवर

पडद्यावर झाड उमटलं आणि ती मोठ्यानं हसली. पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं मान वळवून पाहिलं, तशी तिनं हसण्याचा खोकला केला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. पण आतलं हसणं काही केल्या थांबेना. झाड म्हणजे काही खरंखुरं झाड नव्हे. मक्याच्या कोवळ्या पानांच्या टिकल्या पाडायच्या, त्या वाटून त्यांतला डीएनए काढायचा, त्यावरच्या ठरावीक जागी कोणाकडे कोणतं अक्षर आहे ते यंत्राकडून वाचून घ्यायचं, आणि मग संगणक फांद्या काढून दाखवतो की कोण कोणाच्या किती नात्यातलं. जवळचे एका डहाळीवर, लांबचे लांब. त्या ठरावीक जागांना मार्कर म्हणतात, आणि हे मार्कर वाचण्यात तिची नोकरीतली सगळी वर्षं गेली होती. आज सकाळी तिनं संस्थेच्या थंडघरातल्या सर्वात वरच्या फळीवरच्या मक्याच्या लाइनी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या शुद्ध राखलेले वाण, झाडावर चढवल्या होत्या. ती फळी तिच्या बाबांची. निवृत्त होईपर्यंत बाबा याच संस्थेत मक्याचे पैदासकार होते. तरुणपणी डोंगरातून, समुद्रकाठावरून, कोरड्या माळावरून, कुठून कुठून कणसं आणून त्यांनी त्या लाइनी बांधल्या होत्या. तुमच्या वडिलांनी म्हणे जगातला मका एका फळीवर आणून ठेवला, हे वाक्य तिनं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की ते सुरू होताच ती मनात पुढचे शब्द म्हणायची. आणि आता ही जगातली मक्याची जत्रा पडद्यावर एकाच डहाळीला लोंबकळत होती. समुद्रकाठची आणि डोंगरातली सख्ख्या बहिणी. पांढऱ्या दाण्याची आणि लाल खोडाची, त्याही सख्ख्या. तिनं काही चूक असेल म्हणून संगणकाला झाड पुन्हा काढायला लावलं, पुन्हा तेच. मग तिला हसू आलं. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला, भूक लागल्यावर ताट समोर यावं तसा.

कारण तो माणूस आज पकडला गेला होता. घरी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला, दूध किती तापलं, नळ नीट बंद झाला का, दाराची कडी लावताना केवढा आवाज करतेस, असा दिवसभर पाढा वाचणारा माणूस. गुडघे गेले म्हणून तो तिच्याकडे राहायला आला आणि पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवून त्यानं तिथं आपली औषधं मांडली. विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. दादा दुसऱ्या शहरात, तो दर रविवारी फोन करून ‘बाबांची काळजी घे हं’ म्हणायचा, जणू ती घेत नव्हती आणि तो घेत होता. आणि बाबा फोनवर दादाशी हसून बोलायचे, ठेवल्यावर पुन्हा तोंड खिडकीकडे. तिच्याशी बोलायचे ते सूचना. लग्न मोडून ती परत एकटी राहायला लागली तेव्हासुद्धा भेटायला येऊन त्यांनी एवढंच विचारलं होतं की घराची किल्ली त्याच्याकडून परत घेतलीस ना? तिनं तेव्हा ‘हो’ म्हटलं आणि संडासात जाऊन नळ सोडून रडली. नळ फार वेळ चालू राहिला म्हणून त्यांनी दार ठोठावलं.

मक्याला तुरे फुटायचे दिवस आले की त्यांचं घर घर राहायचं नाही. मका वाऱ्यावर फळतो, शेजारच्याचे परागकण कोणाच्याही कणसावर येऊन पडतात. लाइन शुद्ध ठेवायची तर तुऱ्याला कागदी पिशवी, कणसाला कागदी पिशवी, आणि मग त्याच झाडाचे पराग त्याच झाडाच्या कणसावर हातानं झटकायचे. पिढ्यान् पिढ्या झाडाचं स्वतःशीच लग्न लावायचं. ते दिवस आले की बाबा उजाडायच्या आत बाहेर, संध्याकाळी घरी. शर्टाचे खिसे पिशव्यांनी फुगलेले, कॉलर पिवळी. ती पिवळी पूड तिला सोसायची नाही. डोळे सुजायचे, नाक गळायचं, शाळेत मुलं तिला ‘शेंबडी’ म्हणायची. आई म्हणायची, अहो, शर्ट बाहेर झटकून या, पोरीला त्रास होतो. ते ‘हो हो’ म्हणायचे आणि तोच शर्ट घालून तिच्या अंथरुणावर बसून बूट काढायचे. एवढी साधी गोष्ट. एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी राहिली नाही, आणि कोणत्या ओळीतल्या कोणत्या झाडाच्या कणसाला कधी केस आले ते मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. आई गेली तेही तुरे फुटायच्या दिवसांत. सकाळी सगळं उरकलं, माणसं अजून बसलेली होती, दादा कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून, आणि बाबांनी दुपारी पायांत बूट चढवले. मामी म्हणाली, अहो, आज तरी. ते म्हणाले, उद्यापर्यंत केस सुकतील. खरं होतं ते. मक्याच्या कणसाचे केस कोणासाठी थांबत नाहीत, सुकले की पराग धरत नाहीत, हे तिला आता या धंद्यात राहून पक्कं माहीत होतं. पण खरं होतं म्हणून काय झालं? मामीनं तिला पोटाशी घेतलं होतं आणि ती मामीच्या खांद्यावरून त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ तिनं अजून सोडलेली नव्हती.

म्हणून तर ती या पोटविषयात आली. शेतात त्यांच्यामागे फिरायला नाही, खोलीत बसून यंत्रानं बघायला. झाड बघून सांगतो म्हणणाऱ्या माणसाला झाडाच्या आतलं सांगायला. ते या खोलीला ‘काचेची बाटली’ म्हणायचे. तुमच्या काचेच्या बाटलीत मका उगवतो का गं? असं दहा जणांसमोर विचारून हसायचे, आणि दहा जण हसायचे, आणि तीही हसायची, कारण त्यावेळी न हसून काय करणार? आता बघा म्हणावं काचेच्या बाटलीत काय उगवलंय ते.

फक्त एक गोष्ट खुपत होती. त्या फळीवरची एक लाइन डहाळीवर नव्हती. झाडाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, एकटीच एका लांब फांदीवर बसली होती. थंडघरात तिचं पाकीट चपटं, मूठभरही बी नाही. बागेत रोपं उगवली तीही कशीबशी, बुटकी, खोड काडीसारखं, आणि टिकल्या पाडल्यावर वाळूनच गेली. तिच्या कपाळाला आठी पडली. बाकी सगळ्या एकीच्या आणि ही अशी परक्या घरची कशी? सरळ होतं. कधीतरी कोणीतरी दुसऱ्याच फळीवरचं पाकीट इथं कोंबलं असणार. असे घोळ थंडघरात होतातच. नियमही सरळ होता. गटाशी न जुळणारा नमुना पुन्हा तपासायचा, आणि तपासायला पुरेसं बी नसेल तर भेसळ समजून काढून टाकायचा. बी होतं थोडंसं. काढलं असतं तर निघालं असतं, चार दाणे पुन्हा लावून पानं येईपर्यंत थांबता आलं असतं. पण तिला थांबायचं नव्हतं. बाबांच्या सगळ्याच्या सगळ्या लाइनी एक, हे वाक्य तिला असंच हवं होतं, नितळ. ‘एक सोडून सगळ्या’ म्हटलं की लगेच कोणी तरी म्हणणार, बघा, एक तर आहे ना. त्या एकीवर बोट ठेवून बाबा तिला पुन्हा दहा जणांत हसले असते. तिनं त्या ओळीसमोर ‘भेसळ, काढून टाकणे’ असं टाइप केलं आणि बोटं झटकली.

साहेबांनी झाड बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते बाबांच्या हाताखाली शिकलेले. ‘आई गं,’ म्हणाले, ‘हे म्हाताऱ्याला कोण सांगणार?’

‘मी सांगते ना,’ ती म्हणाली.

‘नाही म्हणजे, जरा सांभाळून. तब्येत बरी नसते त्यांची.’

‘सांभाळूनच सांगेन, साहेब.’

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे. त्यांना थंडघरातली जागा मोकळी व्हायला हवी होती, जुळ्या निघालेल्या लाइनींपैकी एक ठेवून बाकीच्या काढायचं फर्मान त्यांचंच. तरी ते म्हणाले, गट काढायची घाई नको, वरून मंजुरी येऊ दे, ते आठवड्यानं बघू. भेसळ मात्र आजच काढा. ती जिना उतरून थंडघराकडे गेली. कोठीवाला दाराशी स्वेटर घालून उभा होता, बाहेर ऊन मी म्हणत असताना. तिनं ते चपटं पाकीट त्याच्या हातात दिलं. टाकायचं बी संस्था तसंच फेकत नाही, कुठं उगवू नये म्हणून पाण्यात उकळून मग फेकते.

‘उद्या दुसऱ्या टाकाऊ बियाण्याबरोबर उकळू का, ताई? एका मुठीसाठी काय गॅस पेटवायचा?’

‘नाही, आजच उरकून टाका. लगेच.’

‘बरं बाई,’ तो म्हणाला, ‘एवढी घाई कुणाला, तुम्हाला का मक्याला?’ तिला हसू आलं. तिचा दिवस चांगला चालला होता.

घरी जाताना तिनं बसमध्ये मनातल्या मनात सगळं बोलून पाहिलं. सुरुवात कशी करायची? बाबा, तुमचं झाड आलं. नको, फार गोड झालं. बाबा, तुमच्या लाइनींचं कळलं का? ते विचारतील काय कळलं, मग ती सावकाश पर्समधून कागद काढेल. तिनं झाड छापून घेतलं होतं, मोठ्या कागदावर, त्यांना चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं. ती त्यांचा चेहरा बघणार होती. आयुष्यात एकदा तिला तो चेहरा पडलेला बघायचा होता. आईच्या वेळी पडला नव्हता, तिच्या वेळी पडला नव्हता, आज पडू दे. हे असं वाटणं वाईट आहे हे तिला कळत होतं. कळू दे. बाजूच्या बाईनं तिला जरा सरकायला सांगितलं, ती सरकली नाही.

बाबा खिडकीशी होते. ‘दूध नासलं,’ म्हणाले. ‘सकाळी तापवलं नव्हतंस.’ तिनं चपला काढल्या, औषधाच्या बाटल्या हातानं एका बाजूला लोटल्या आणि कागद टेबलावर पसरला. काही बोलायची तिची तयारी होती ती सगळी वायाच गेली, कारण त्यांनी चष्मा शोधून लावला आणि स्वतःच वाकून वाचायला लागले. बोट डहाळीवर ठेवून एकेक नाव पुटपुटत. ती उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाहेर कुठंतरी कोणी भिंतीत खिळा ठोकत होतं.

‘बरोबर आहे,’ बाबा म्हणाले.

‘काय बरोबर आहे?’

‘हेच. असंच येणार.’

तिला वाटलं, त्यांना कळलंच नाही. ‘बाबा, या सगळ्या एकाच लाइनीच्या आहेत. डोंगरातली नाही, काठावरची नाही, काही नाही. सगळ्या एक.’

‘मला वाचता येतं,’ ते म्हणाले. ‘अगं, मरत होत्या त्या. स्वतःशीच लग्न लावत गेलं की झाड खंगत जातं, हे तुला शिकवलं नाही का कोणी? चौथ्या-पाचव्या पिढीला दाणा धरेनात. मग माझी ती एक दांडगी लाइन होती, तिचे पराग टाकायचे, पुन्हा खंगली की पुन्हा. आधार म्हणून. झाड सावरायचं. मग पुन्हा पहिल्यासारखं दिसणारं निवडत जायचं, खोड लाल तर लाल, दाणा पांढरा तर पांढरा. वरून तेच. आतून तिची.’

‘आणि नाव तेच ठेवलंत?’

‘मग काय, मेली असं लिहू? तेव्हा तर तुमच्या खुणाबिणा नव्हत्या. कोण बघणार होतं आत?’ ते खुदकन हसले. खरंच हसले. ‘एकीला आधार दिला, मग दुसरी खंगली, मग तिसरी. पुढं पुढं खंगायची वाटसुद्धा नाही पाहिली.’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते तिनं त्या क्षणी अनुभवलं. म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. त्या पिशव्या, ती पिवळी कॉलर, तिचे सुजलेले डोळे, आई गेल्याच्या दुपारी चढवलेले बूट, ते सगळं या एकाच लाइनीच्या नकला काढत बसण्यासाठी? ‘उद्यापर्यंत केस सुकतील’ ते कोणाचे? ‘मग आता या सगळ्या टाकणार आहेत,’ ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. ‘एक ठेवून सगळ्या. तुमची आख्खी फळी.’

‘टाका,’ बाबा म्हणाले.

‘टाका?’

‘मग ठेवून काय करणार? एक आहे ना त्यातली. बाकीच्या उगाच जागा अडवतात.’ त्यांनी हात असा हलवला, जसा ते ताटातल्या नको त्या गोष्टीवर हलवायचे. आणि तिला कळेना की आपण का ओरडतोय, पण ती ओरडत होती, की असं कसं टाका, एवढी वर्षं, आमची वर्षं, घरात कधी होता का तुम्ही, आई शेवटी कोणाला हाका मारत होती माहीत आहे का, आणि आता म्हणे टाका, निदान थोडं वाईट तरी वाटू द्या! जिला त्या लाइनी उघड्या पाडायच्या होत्या तीच आता त्यांची बाजू घेऊन भांडत होती, आणि ज्याचं सगळं गेलं तो शांतपणे कागदाच्या दुसऱ्या टोकाला बोट नेत होता.

‘ही कोण?’ बाबा म्हणाले. त्यांनी तिचं काही ऐकलंच नव्हतं. ‘ही बाजूची. नाव नीट दिसत नाही. थांब. अगं!’ त्यांचा आवाजच बदलला. ‘ही ती माळावरची. आहे अजून? तिला आधार द्यायचा राहूनच गेला. मागच्या कोपऱ्यात होती, शेवटी शेवटी माझे गुडघे तिथवर जाईनात. गडी आपला तिचं तिच्यावर झटकत बसला असेल. राहून गेली हातून. आणि बघ, तीच तेवढी खरी राहिली!’ ते खुर्चीवरून उठू लागले, टेबलाला धरून. डोळे चमकत होते. या डोळ्यांची तिला ओळख होती, तुरे फुटायच्या दिवसांत ते असे असायचे, आणि ते कधी तिच्याकडे वळलेले नव्हते. ‘किती बी आहे तिचं? कोण बघतंय? तुम्ही लोक नासवाल. पाणी कमी द्यायचं तिला, सावलीत नाही लावायची. उद्या मला घेऊन चल. रिक्षा कर, जिना उतरतो कसातरी. ऐकतेस का?’

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून तिनं कोठीवाल्याला फोन लावला. पाठीमागून बाबांचं चालूच होतं, पाणी कमी, सावली नको. फोन बराच वेळ वाजला. ‘बोला ताई.’ ती म्हणाली, ते दुपारचं पाकीट. तो म्हणाला, उकळलं की. तुम्हीच म्हणालात लगेच. सगळं? सगळंच, मूठभर तर होतं, काय झालं ताई? ती म्हणाली, काही नाही. ओट्यावर नासलेलं दूध तसंच होतं. तिनं ते मोरीत ओतलं, पातेलं पालथं घातलं, पुन्हा सरळ केलं. लपवता आलं असतं. म्हणता आलं असतं की बी उगवलंच नाही. म्हातारा किती दिवस विचारणार? पण तिला लपवायचंही नव्हतं. हा चेहरा बघायचाच होता ना तुला, मग बघ आता, असं ती स्वतःला म्हणाली आणि बाहेर आली.

‘ती टाकली,’ ती म्हणाली. ‘आज. उकळून. मीच सांगितलं.’

बाबा टेबलाला धरून उभे होते. त्यांनी एकदम ‘अं?’ केलं, ऐकू येऊनही. मग त्यांचा हात मागं खुर्ची शोधायला लागला, सापडेना. तिनं खुर्ची पुढं केली नाही. ते स्वतःच बसले, हळूहळू, आणि चेहरा पडला. पडला. गाल खाली आले, तोंड किंचित उघडं राहिलं. तिनं पुरेपूर बघितलं. त्यात काही चव नव्हती.

‘पुन्हा तपासली नाहीस?’

‘नाही.’

‘थोडं बी होतं ना?’

‘होतं.’

‘मग का टाकलीस?’

तिला वाटलं, सांगावं की नियम आहे. सांगता आलं असतं, नियम होताच. ‘मला सगळ्या सारख्या हव्या होत्या,’ ती म्हणाली. ‘ही मध्ये येत होती.’

खिळा ठोकणारा थांबला होता. बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. कागदाकडे नाही, तिच्याकडे, वरून खालपर्यंत, शेतात ओळीत थांबून एखाद्या झाडाकडे बघायचे तसं.

‘तुझ्या जागी मी असतो,’ ते म्हणाले, ‘तर मीही टाकली असती.’

मग त्यांनी औषधाच्या बाटल्या हातानं गोळा करून टेबलाच्या एका कडेला लावल्या, कागदाची घडी घातली, आणि समोरच्या खुर्चीकडे मान हलवून म्हणाले, ‘बस.’ या घरात तिला कोणी बस म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती बसली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा तिला इतका संताप आला की टेबलाखाली तिनं स्वतःच्या मनगटाला नखं रोवली आणि तशीच त्यांच्यासमोर बसून राहिली.